मॉनिटरिंगमध्ये अर्धे पीसी लाल दिसतायत? आधी पीसी तयार करा, मग सॉफ्टवेअरमध्ये टाका

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. रबाळे एमआयडीसीतली कंपनी, १४० च्या आसपास पीसी आणि लॅपटॉप, चार सर्व्हर, आणि आयटीला तुम्ही एकटेच. मॅनेजमेंटने सांगितलं की सगळी मशिन्स एका स्क्रीनवर दिसली पाहिजेत. तुम्ही नेटवर्क मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, ऑटो डिस्कव्हरी (नेटवर्कवरची मशिन्स आपोआप शोधणारा स्कॅन) चालवली, त्यात साठ-पासष्ट मशिन्सच सापडली, त्यातली निम्मी लाल (म्हणजे अडचण दाखवणारी), काहींवर डब्ल्यूएमआयचा (विंडोजची माहिती दुसऱ्या मशीनवरून वाचायची सोय) ॲक्सेस डिनाइड, आणि सकाळी मेलबॉक्स उघडला की तीनशे अलर्ट. आणि तुम्ही विचारताय की सॉफ्टवेअर बदलू का.

नका बदलू. दुसरं टाकलंत तरी हीच साठ मशिन्स सापडतील आणि हीच लाल दिसतील. मी ठाण्यात राहते आणि वागळे इस्टेटपासून महापे-तुर्भेपर्यंतच्या पट्ट्यात बऱ्याच लहान-मध्यम कंपन्यांची नेटवर्क सांभाळते, आणि या तक्रारीचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच असतं. ते असतं पीसीच्या बाजूला. पीसीने उत्तर द्यायला आपण त्याला तयारच केलेलं नसतं, आणि त्याला काय विचारायचं हेही ठरवलेलं नसतं. ही दोन कामं झाली की सॉफ्टवेअरमध्ये मशीन ॲड करणं अगदी शेवटचं आणि सोपं काम उरतं.

एक आधीच सांगते, खालचं काही तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरेल. तुमच्याकडे डोमेन आहे (सगळी खाती एका सर्व्हरवरून चालतात) की वर्कग्रुप (प्रत्येक पीसीची खाती त्याच्यावरच) हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो. लॅपटॉप किती, शॉपफ्लोअरवर मशीनला जोडलेले पीसी किती, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) आहेत का, हेही लिहिलेलं नाही. म्हणून जिथे फरक पडतो तिथे दोन्ही बाजू लिहिते.

डिस्कव्हरीला साठच का सापडली ते आधी बघू. बहुतेक डिस्कव्हरी आधी पिंग मारते, म्हणजे मशीनला ‘आहेस का’ असं विचारते, आणि विंडोज फायरवॉल बाय डिफॉल्ट पिंगला उत्तर देत नाही. ज्यांच्यावर कधीतरी कोणी फोल्डर किंवा प्रिंटर शेअरिंग चालू केलं त्यांच्यावर पिंगचा (इको रिक्वेस्टचा) रूल आपोआप उघडतो, ती मशिन्स सापडतात. म्हणजे तुम्हाला सापडलेली साठ ही बरीचशी शेअरिंग चालू असलेली साठ असणार. दुसरं कारण रेंज. स्कॅनला एकच २५४ पत्त्यांची रेंज दिली असेल आणि अकाउंट्स किंवा स्टोअर वेगळ्या व्हीलॅनमध्ये असेल तर तिकडचं काही दिसणारच नाही. तिसरं, स्कॅन दुपारी जेवणाच्या वेळेत चालवलात तर निम्मे पीसी स्लीपमध्ये असतात. त्यामुळे डिस्कव्हरीच्या यादीवर विसंबू नका. यादी तुमच्याकडे आधी पाहिजे, डीएचसीपीच्या (पीसींना आयपी पत्ते वाटणारी सेवा) लीजमधून, ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (डोमेनची नोंदवही), खरेदीच्या रजिस्टरमधून, आणि एकदा प्रत्यक्ष मजल्यावर फिरून. डिस्कव्हरीचा उपयोग मी उलटा करते, माझ्या यादीत नसलेलं नेटवर्कवर काय आहे ते शोधायला.

आता लाल मशिन्स. इथे एरर नीट वाचली की अर्धं काम होतं. ॲक्सेस डिनाइड आणि आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हींवर पासवर्ड बदलत बसतात. ॲक्सेस डिनाइड म्हणजे तुम्ही त्या मशीनपर्यंत पोचलात, तिने दार उघडलं, पण तुमचं खातं तिला चालत नाही. आरपीसी अनअव्हेलेबल म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही पोचलातच नाही, मध्ये फायरवॉल आहे किंवा नाव चुकीच्या आयपीवर जातंय किंवा मशीनच बंद आहे. डब्ल्यूएमआय आधी टीसीपी १३५ वर बोलतं आणि मग ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही पोर्ट घेतं, म्हणून फक्त १३५ उघडून काम होत नाही. विंडोज फायरवॉलमध्ये डब्ल्यूएमआयचा तयार रूल ग्रुप आहे, तोच चालू करायचा, आणि सोर्स म्हणून फक्त मॉनिटरिंग सर्व्हरचा आयपी द्यायचा. सगळ्यांना उघडा ठेवू नका, कारण रॅन्समवेअर एका पीसीवरून दुसऱ्यावर उडी मारतं तेही याच वाटेने.

डोमेन असेल तर मॉनिटरिंगसाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट करा. डोमेन ॲडमिनचा पासवर्ड सॉफ्टवेअरमध्ये टाकून ठेवायचा मोह होतो कारण त्याने सगळं एका झटक्यात हिरवं होतं, पण ते करू नका. मॉनिटरिंग सर्व्हर कोणाच्या हाती लागला तर पूर्ण कंपनी हाती लागते. साध्या खात्याला परफॉर्मन्स मॉनिटर यूजर्स आणि डिस्ट्रिब्युटेड कॉम यूजर्स या दोन ग्रुपमध्ये घाला आणि डब्ल्यूएमआयच्या रूट-सीआयएमव्ही२ या नेमस्पेसवर (माहितीच्या कप्प्यावर) रिमोट इनेबल द्या. मोजमापाच्या बहुतेक गोष्टी एवढ्यात मिळतात, काही सर्व्हिसेसची माहिती वाचायला थोडी जास्त परवानगी लागते ती तेवढीच द्या. आणि मॉनिटरिंग सॉफ्टवेअर जुनं असेल तर हेही बघा की मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३ पासून डीकॉमची, म्हणजे डब्ल्यूएमआय ज्यावरून बोलतं त्याची, सुरक्षा कडक केली आहे आणि ती आता बंद करता येत नाही, त्यामुळे जुन्या व्हर्जनला योग्य पासवर्ड देऊनही नकार मिळू शकतो.

वर्कग्रुप असेल तर लोकल ॲडमिनचं नाव-पासवर्ड बरोबर असूनही ॲक्सेस डिनाइड येतो, आणि यात खूप लोकांचे दिवस जातात. कारण यूएसी, म्हणजे विंडोजचं ॲडमिन अधिकारांवरचं नियंत्रण. लोकल खात्याने नेटवर्कवरून लॉगिन केलं की विंडोज त्याचे ॲडमिनचे अधिकार काढून घेतं. हे बंद करायची एक रजिस्ट्री व्हॅल्यू आहे, नेटवर शोधलंत तर पहिलं उत्तर तेच मिळेल, पण १४० मशिन्सवर एकच लोकल पासवर्ड आणि त्यात हे बंद, म्हणजे एक पीसी गेला की सगळे गेले. वर्कग्रुपमध्ये मी डब्ल्यूएमआयच्या मागे लागतच नाही, सरळ एजंट टाकते, म्हणजे पीसीवरच बसून आकडे देणारा छोटा प्रोग्राम.

अजून एक कारण आहे जे एररमध्ये दिसत नाही. ग्रुप पॉलिसीने (डोमेनवरून सगळ्या पीसींना सेटिंग पाठवायची सोय) फायरवॉलचा रूल पीसीपर्यंत पोचलाय, मशीनवर दिसतोय, तरी चालत नाही. अशा मशीनवर पॉवरशेलमध्ये नेटवर्क प्रोफाइल बघा. सकाळी सगळे एकदम पीसी चालू करतात, डोमेन कंट्रोलरशी (डोमेनचा मुख्य सर्व्हर) बोलणं वेळेत झालं नाही की विंडोज नेटवर्कला पब्लिक समजतं, आणि तुमचा रूल डोमेन प्रोफाइलसाठीच लिहिलेला असतो. नेटवर्क अडॅप्टर बंद-चालू केला की मशीन हिरवी होते आणि उद्या परत लाल. लाल-हिरवं-लाल करणारी मशिन्स असतील तर पहिला संशय यावर घ्या, दुसरा डीएनएसवर (नावावरून आयपी सांगणारी सेवा). डीएचसीपीने आयपी बदलतात आणि डीएनएसमध्ये जुनी नोंद पडून राहते, मग तुम्ही विचारता अकाउंट्सच्या पीसीला आणि उत्तर देतो स्टोअरचा. डीएनएसमध्ये स्कॅव्हेंजिंग (जुन्या नोंदी आपोआप पुसणं) चालू आहे का ते तपासा, आणि पीसी कधीही आयपीने ॲड करू नका, नावाने करा.

एसएनएमपीचं (नेटवर्कवरच्या उपकरणांना माहिती विचारायची पद्धत) काय, तर विंडोज पीसीसाठी माझं उत्तर नाही. विंडोजमधली एसएनएमपी सर्व्हिस मायक्रोसॉफ्टने सर्व्हर २०१२ पासून डेप्रिकेटेड ठरवली आहे, विंडोज १० च्या १८०९ पासून ती वेगळी डाउनलोड करून बसवावी लागते, आणि तिला व्हर्जन ३ येतच नाही. व्हर्जन २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (तिचा पासवर्डच) उघडी वायरवरून जाते. एसएनएमपी ठेवा स्विच, फायरवॉल, यूपीएस आणि प्रिंटरसाठी. स्विच आणि फायरवॉलवर शक्य तिथे व्हर्जन ३ वापरा, ऑथ आणि प्रायव्हसी दोन्ही लावून, आणि पब्लिक ही कम्युनिटी कुठे राहिली असेल तर आजच काढा.

तर पीसीसाठी एजंट. मी बहुतेक ठिकाणी झॅबिक्स वापरते, ओपन सोर्स आहे, २००१ पासून आहे, लायसन्सचा खर्च नाही, म्हणून उदाहरण त्याचं देते, बाकी सॉफ्टवेअरमध्येही विचार तोच. एजंट दोन पद्धतीने बोलतो. पॅसिव्हमध्ये सर्व्हर पीसीच्या १००५० पोर्टवर येऊन विचारतो. ॲक्टिव्हमध्ये पीसी स्वतः सर्व्हरच्या १००५१ वर जाऊन आकडे देतो. डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी कायम ॲक्टिव्ह. पीसीवर बाहेरून आत येणारं एकही दार उघडावं लागत नाही, आयपी बदलला तरी फरक पडत नाही, फायरवॉल प्रोफाइल पब्लिक झालं तरी चालतं. वरचे निम्मे प्रॉब्लेम इथेच संपतात. सर्व्हरसाठी दोन्ही ठेवा.

ॲक्टिव्हमध्ये एकच गोष्ट जपायची, नाव. एजंटमधलं होस्टनेम आणि सर्व्हरवरचं होस्टचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे, कॅपिटल-स्मॉलसकट. नाही जुळलं तर एजंटच्या लॉगमध्ये होस्ट नॉट फाउंड येतं आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. विंडोज एजंट कॉम्प्युटरचं नाव नेटबायोसचं घेतो, म्हणजे १५ अक्षरांत कापलेलं, त्यामुळे पीसीची नावं पंधराच्या आत ठेवा. आणि एका पीसीची इमेज करून बाकीच्यांवर टाकत असाल तर इमेजमध्ये एजंटच्या फाइलीत होस्टनेम लिहून ठेवू नका. ती ओळ मोकळी सोडली की एजंट नाव मशीनकडूनच घेतो. नाहीतर वीस पीसी एकाच नावाने आकडे पाठवतात आणि ग्राफ असा काही होतो की डिस्क मिनिटाला भरतेय आणि रिकामी होतेय असं वाटतं.

मशिन्स हाताने ॲड करू नका, ऑटोरजिस्ट्रेशन लावा. एजंटच्या कॉन्फिगमध्ये मेटाडेटा म्हणून विंडोज-अकाउंट्स, विंडोज-स्टोअर असं काहीतरी द्यायचं आणि सर्व्हरवर नियम करायचा की असा मेटाडेटा आला तर या ग्रुपमध्ये घाल आणि हा टेम्प्लेट (काय-काय तपासायचं त्याची तयार यादी) लाव. नवा पीसी आला, एजंट बसला, स्वतः नोंद झाली. पण पीएसके की (दोन्हीकडे आधीच ठेवलेली गुप्त किल्ली) लावूनच, नाहीतर नेटवर्कवरचा कोणीही स्वतःला नोंदवू शकतो, आणि तसंही एजंटचं बोलणं बाय डिफॉल्ट एन्क्रिप्टेड नसतं. डोमेन असेल तर एजंट स्टार्टअप स्क्रिप्टने बसवा, कारण ग्रुप पॉलिसीच्या साध्या सॉफ्टवेअर इन्स्टॉलमधून सर्व्हरचं नाव वगैरे पॅरामीटर देता येत नाहीत. अँटीव्हायरसमध्ये एजंटला आधीच मोकळीक द्या.

शॉपफ्लोअरचे पीसी वेगळे धरा. सीएनसी किंवा पॅकिंग लाइनला जोडलेल्या, विंडोज ७ वर अडकलेल्या पीसीवर काहीही टाकण्याआधी मशीन पुरवणाऱ्याला लेखी विचारा, वॉरंटी किंवा एएमसीचा (देखभाल कराराचा) प्रश्न येतो. झॅबिक्सचा जुना एजंट जुन्या विंडोजवर चालतो, एजंट २ ला नवी विंडोज लागते, पण परवानगी नसेल तर फक्त पिंग आणि स्विचचा तो पोर्ट बघा, बस. लाइन थांबवून मिळणारी कुठलीही माहिती त्या थांबण्याच्या किमतीची नसते.

आता तीनशे मेल. मला वाटतं तुम्ही तयार टेम्प्लेट जसाच्या तसा लावलाय. त्यात ऑटोमॅटिकवर असलेली प्रत्येक विंडोज सर्व्हिस चालू आहे का हे तपासलं जातं, आणि विंडोजमध्ये काही सर्व्हिसेस ऑटोमॅटिक असूनही काम झालं की स्वतः बंद होतात, ब्राउझरच्या अपडेटरच्या, मॅप्सच्या, लायसन्स तपासणीच्या. प्रत्येक पीसी चार-पाच मेल पाठवतो, झाले तीनशे. टेम्प्लेटची कॉपी करा आणि त्यातलं बरंच काही काढून टाका.

काय ठेवायचं हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारते, हा अलर्ट आला तर कोण उठून काय करणार. उत्तर नसेल तर तो ग्राफ म्हणून राहू दे, अलर्ट नको. साध्या पीसीवर मी ठेवते ते एवढं: सी ड्राइव्हची मोकळी जागा, डिस्कची स्मार्ट हेल्थ (डिस्क स्वतः सांगते ती तिची तब्येत) आणि इव्हेंट लॉगमधले डिस्कचे ७ आणि १५३ नंबरचे इव्हेंट, अँटीव्हायरसची सर्व्हिस, बॅकअप घेतला जात असेल तर शेवटचा बॅकअप कधीचा, आणि अचानक बंद झाल्याचा ४१ नंबरचा इव्हेंट. हा ४१ आपल्याकडे पावसाळ्यात फार बोलका असतो. जूनमध्ये लाइट चमकायला लागली की कुठल्या रांगेतल्या पीसींना यूपीएस पुरत नाही ते या एका इव्हेंटवरून कळतं, आणि मॅनेजमेंटकडे यूपीएसच्या बॅटऱ्या मागताना हातात आकडे असतात.

सीपीयू ९० टक्के झाला म्हणून अलर्ट नको, एक्सेल उघडलं तरी होतो. सलग पंधरा मिनिटं राहिला तर बघू. डिस्कला दोन आकडे द्या, १० टक्क्यांखाली गेली तर अलर्ट आणि १५ च्या वर आली तरच बंद, नाहीतर सीमेवरची मशीन दिवसभर लाल-हिरवी करत बसते. अपटाइम बघत असाल तर फास्ट स्टार्टअप ध्यानात ठेवा. लोक म्हणतात मॅडम मी रोज शटडाउन करतो, आणि स्क्रीनवर अपटाइम चाळीस दिवस. दोघंही खरं सांगतायत. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल झोपतो, बंद होत नाही, अपटाइम शून्यावर येतो तो रीस्टार्टनेच.

आणि पीसी डाउन हा अलर्टच काढून टाका. संध्याकाळी साडेसहाला लोक पीसी बंद करून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायला पळतात, तो बिघाड नाहीये. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असेल तर गुरुवारी रात्री तुमची स्क्रीन सगळी लाल होणार आणि तीन आठवड्यांत तुम्ही लाल रंगाकडे बघणं सोडणार. पीसीसाठी मी वेगळं लावते, सात दिवस एकही आकडा आला नाही तर कळव. त्यातून चोरीला गेलेला, कपाटात पडलेला किंवा एजंट मेलेला असा पीसी बरोबर सापडतो. डाउनचा अलर्ट सर्व्हर, स्विच, फायरवॉल, इंटरनेट लिंक आणि यूपीएसला. त्यातही डिपेंडन्सी लावा, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा स्विच गेला तर त्याच्यामागे असलेल्या सगळ्या गोष्टींचे वेगळे मेल न येता स्विचचा एकच येतो.

किती वेळाने विचारायचं यावर पण एक हिशेब करून दाखवते. १४० मशिन्स, प्रत्येकी ४० आयटम (मोजायच्या गोष्टी), म्हणजे ५६०० आयटम. दर मिनिटाला घेतले तर दिवसाला सुमारे ८० लाख नोंदी डेटाबेसमध्ये, दर पाच मिनिटांनी घेतले तर सुमारे १६ लाख. पीसीच्या डिस्कची जागा दर मिनिटाला बदलत नाही, ती तासाला एकदा पुरे. सर्व्हर आणि लिंक मिनिटाला, पीसी पाच मिनिटांनी, मॉडेल-रॅम-विंडोज व्हर्जन ही माहिती दिवसातून एकदा. या शेवटच्या माहितीचा तुम्हाला लगेच उपयोग आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि कुठले पीसी अजून त्यावर आहेत ही यादी तुम्हाला आयती मिळेल.

घड्याळ. हे लोक विसरतात. डोमेनमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरोस (डोमेनची लॉगिन तपासणी) लॉगिनच नाकारतं आणि तुम्हाला तोच ॲक्सेस डिनाइड दिसतो. शिवाय सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टीमची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी लावायची आहेत आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. डोमेन कंट्रोलर तिकडे लावा, बाकी सगळे डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेतील. लॉग किती दिवस ठेवायचे हे सेटिंग बघताना हे १८० दिवस लक्षात असू दे.

स्टाफला सांगून करा, हे मी तांत्रिक मुद्द्याइतकंच महत्त्वाचं मानते. एजंट बसला की कुजबुज सुरू होते की आता साहेब आपली स्क्रीन बघणार. एक साधा मेल टाका की डिस्क, अँटीव्हायरस, बॅकअप एवढंच बघतोय, कोण कुठली साइट बघतो ते नाही. आणि खरंच तेवढंच बघा. उद्या कोणी वरून सांगितलं की अमुक माणूस किती वाजता लॉगिन करतो ते दाखव, तर ते काम एचआरचं आहे, त्यासाठी २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, लेखी धोरण लागतं, आणि मशीनची तब्येत बघायच्या सिस्टीममध्ये ते घुसवलंत तर लोक एजंट बंद करायचे मार्ग शोधतील.

आता कामाचा क्रम. सध्याची सगळी मशिन्स सॉफ्टवेअरमधून काढा किंवा निदान त्यांचे अलर्ट बंद करा. आधी स्विच, फायरवॉल, यूपीएस आणि चार सर्व्हर नीट लावा, आठवडाभर तेवढंच चालू दे. मग पाच पीसी घ्या, पण पाच वेगळे: अकाउंट्सचा एक, एक लॅपटॉप, दुसऱ्या व्हीलॅनमधला एक, सगळ्यात जुना एक, आणि गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमधला एक, कारण तिथली केबल हमखास लांब आणि खराब असते. हे पाच आठवडाभर शांत राहिले की डिपार्टमेंटप्रमाणे पुढे जा. एका दिवसात १४० नका करू, काय बिघडलं ते कळणारच नाही.

मॉनिटरिंग सर्व्हर यूपीएसवर ठेवा, त्याचा बॅकअप घ्या, आणि अलर्ट जायला दुसरी वाट ठेवा. इंटरनेट लिंक गेल्याचा मेल त्याच लिंकवरून जाणार नाही. सिमकार्डवाला जीएसएम मोडेम लावून एसएमएस पाठवला की झालं.

यानंतरही एखादं मशीन लालच राहिलं तर इथे एवढं टाका: डोमेन की वर्कग्रुप, एररचा पूर्ण मजकूर, त्या पीसीवरचं नेटवर्क प्रोफाइल, मॉनिटरिंग सर्व्हरवरून त्या पीसीच्या नावाला मिळणारा आयपी आणि पीसीवरचा प्रत्यक्ष आयपी, आणि एजंट असेल तर त्याच्या लॉगच्या शेवटच्या वीस ओळी. कंपनीचं नाव, पासवर्ड आणि पीएसके की तेवढी झाकून टाका.